माझ्या वर्गातल्या नऊ जणांना वाचताच येत नाही, मी कुठून सुरू करू?

पत्र:

नमस्कार ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातली, वय २५. डीएड, टीईटी, टेट या शिक्षक व्हायच्या परीक्षा सगळ्या करून पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरून बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या झेडपी शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, लागले. शाळा दोन शिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, २६ मुलं. जूनपासून जीव तोडून शिकवतेय, संध्याकाळी घसा बसलेला असतो, पण दुसऱ्या दिवशी विचारलं की पाटी कोरी. नऊ जणांना धड वाचता येत नाही, त्यातली चार चौथीतली. एक मुलगा तर तोंडच उघडत नाही. मागच्या आठवड्यात एकाला वजाबाकी परत परत चुकली म्हणून पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला रात्रभर झोप नाही. सोबतचे सर म्हणतात, मॅडम एवढं मनाला लावून घेऊ नका, ही पोरं दिवाळीच्या आसपास आई-बापांबरोबर ऊसतोडीला कारखान्याला जाणारच आहेत. ग्रुपवर बाकीचे शिक्षक रोज उपक्रमांचे व्हिडिओ टाकतात, ते बघून अजूनच खचायला होतं. मला वाटायला लागलंय की चांगला शिक्षक जन्मावा लागतो आणि मी तशी नाही. खरं सांगा, चांगल्या शिक्षकात नक्की काय असतं? की मी दुसरी नोकरी बघू?

– एक शिक्षणसेविका

उत्तर:

बाळा, दुसरी नोकरी बघायचीच असेल तर पगारासाठी बघ, घरापासून एवढ्या लांब आहेस म्हणून बघ. महिना १६ हजारांवर तीन वर्षं काढायची, खोलीभाडं द्यायचं, सुट्टीत गावी जायचं, हे सोपं नाही आणि त्यासाठी कुणी वेगळा विचार केला तर मी अजिबात नावं ठेवणार नाही. पण 'मी जन्मजात शिक्षक नाही' म्हणून सोडू नकोस, कारण हे कारणच मला मान्य नाही.

मी आधी शाळेवर शिकवलं, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, झाले आणि त्यानंतर कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसले. मस्त बोलणारे, गाणी म्हणणारे, नकला करणारे शिक्षक भरपूर पाहिले, त्यांच्या वर्गात पोरं खूश असायची, पण त्यातल्या काही वर्गांत एखाद्याच्या हातात नवीन पुस्तक दिलं की तो गप्प व्हायचा. आणि एक बाई आठवतात, अगदी हळू आवाज, गाणं येत नाही, फळ्यावरचं अक्षरसुद्धा बेताचंच, पण त्यांच्या दुसरीतून वाचता न येता कुणी तिसरीत गेलं नाही, दरवर्षी तेच. मी त्यांना एकदा एका मुलीबद्दल सहज विचारलं तर म्हणाल्या, "हिला काना-मात्रा येतात, वेलांटी पहिली की दुसरी यात गोंधळ आहे आणि जोडाक्षर आलं की थांबते, या आठवड्यात तेच घेतेय." रजिस्टर उघडलं नाही, काही नाही, तोंडपाठ. मग मी मुद्दाम अजून तिघांबद्दल विचारलं, तिघांचंही तसंच नेमकं उत्तर. तिथे मला जे कळलं तेच तुला सांगते, चांगल्या शिक्षकाला आपल्या वर्गातलं प्रत्येक पोर आज नेमकं कुठे अडलंय ते माहीत असतं आणि तो तिथूनच पुढे नेतो. बाकीचे गुण, प्रेम, शिस्त, तयारी, साधनं, सगळे याच्या मागून येतात आणि याच्याशिवाय आले तर वाया जातात.

आता तुझं बघू. 'नऊ जणांना धड वाचता येत नाही' असं तू लिहिलंस, म्हणजे तू बघायला लागली आहेस, पुष्कळ जणांना तर आकडाही सांगता येत नाही. पण 'धड येत नाही' हे अजून मोघम आहे गं. त्या नऊ जणांचे नऊ वेगळे प्रॉब्लेम असतील. एकाला अक्षरंच ओळखू येत नसतील, घ आणि ध, भ आणि म यांच्यात घोळ असेल. दुसरा क, म, ळ अशी अक्षरं सुटी सुटी म्हणतो पण 'कमळ' असा शब्द एकत्र होत नाही. तिसरी साधे शब्द वाचते पण 'पुस्तक' आलं की 'पुसतक' म्हणते. आणि एखादा असा असतो की धडा घडाघडा म्हणतो, आपल्याला वाटतं वाचतोय, पण त्याने पाठ केलेला असतो, मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाच म्हटलं की अडतो. म्हणून तपासताना वर्गातलं पुस्तक घेऊ नकोस, त्यांनी न पाहिलेला मजकूर घे.

गावाकडच्या मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणारा 'प्रथम' संस्थेचा 'असर' सर्व्हे तुला डीएडला असताना ऐकून माहीत असेल, २००५ पासून चालू आहे. त्यांची वाचनाची पद्धत अगदी साधी आहे आणि ती तुला उद्या वापरता येईल: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवायचं, बाकीच्यांना चित्र काढायला नाहीतर बेरजा करायला द्यायच्या, आणि बघायचं की तो कुठपर्यंत जातो. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. २६ जणांचं म्हणजे रोज थोडे थोडे करून एका आठवड्यात होतं, हुशार म्हणून ज्यांना धरलंयस त्यांचंही कर, तिथेही काहीतरी वेगळं सापडेलच बघ. हे करताना त्याला परीक्षा वाटू देऊ नकोस, चुकला तर दुरुस्त करू नकोस, नुसतं ऐक आणि तो उठून गेला की वहीत लिही.

मग रोज एक तास इयत्ता विसरून जा. चौथीतली अक्षरावर अडलेली पोरं आणि तिसरीतली अक्षरावर अडलेली पोरं एका गटात, शब्दवाले दुसऱ्या, गोष्ट वाचणारे तिसऱ्या. अक्षरवाल्यांना पुन्हा 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत नेऊ नकोस, ते त्यांनी दोनदा-तीनदा करून झालंय आणि त्यात ते हरलेत. क, म, न, ल आणि काना एवढंच घे. यात काम, मका, नाक, कान, मान, लाल, मामा, काका, नाना, कमान एवढे शब्द होतात, पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोराला स्वतः शब्द वाचल्याचा अनुभव येतो. चौथीत बसून ज्याला आजवर एक शब्द वाचता आला नाही त्याने 'मका' वाचला की काय होतं ते तू स्वतःच बघ. मग दोन अक्षरं वाढव, एक मात्रा वाढव, असं पुढे जा. शब्दवाल्यांना त्यांच्याच तोंडचे शब्द घे, ऊस, कोयता, टायर गाडी, पाचट. त्यांनी सांगायचं, तू लिहायचं, त्यांनी वाचायचं. आपण बोललो ते लिहिता येतं आणि लिहिलेलं परत वाचता येतं हे एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

गोष्ट वाचणाऱ्या गटाकडे दुर्लक्ष होतं हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, 'त्यांना येतं' म्हणून सोडून देतात. त्यांना पुस्तकं दे, वाचून झाल्यावर एकमेकांना प्रश्न काढायला लाव, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांच्यात जाऊन बस.

आता वजाबाकीवाला मुलगा. तू गणित लिहिलं नाहीस पण मला जवळजवळ खात्री आहे काय झालं असेल याची. समजा ५२ वजा २७ दिलं, त्याने ३५ लिहिलं. तू फुली मारलीस, परत समजावलं, 'हातचा घे' म्हणालीस, परत ३५. आता त्याच्या बाजूने बघ. एककाच्या घरात वर २, खाली ७. दुसरीपर्यंत त्याने जी काही वजाबाकी केली त्यात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा एवढंच होतं, ४८ वजा २३ सारखं, आणि दर वेळी त्याला बरोबरची खूण मिळाली. मग इथे ७ मोठा दिसतोय म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन काढले, तीन. झाले ३५. हा मुलगा ढ नाही आणि तुझं ऐकत नाही असंही नाही. त्याने एक नियम धरलाय आणि तो प्रामाणिकपणे पाळतोय. 'हातचा' हे त्याच्यासाठी वर कुठेतरी बारीक १ लिहायचा एक विधी आहे, तो का लिहायचा हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

खराट्याच्या काड्या घे. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांध, त्यालाच बांधायला लाव, कारण गठ्ठ्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसायला पाहिजे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेव आणि म्हण, मला यातल्या सत्तावीस दे. तू काही सांगू नकोस. तो दोन गठ्ठे देईल, मग सुट्या सात शोधेल, दोनच आहेत. इथे थांब. खरंच थांब, तोंडातून एक शब्द काढू नकोस. थोड्या वेळाने तो तुझ्याकडे बघेल, मग गठ्ठ्याकडे बघेल आणि विचारेल, "मॅडम, हा सोडू का?" त्या क्षणी त्याला वजाबाकी आली. मग गठ्ठा सोडला, बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन उरले, पंचवीस. मग तेच फळ्यावर लिही आणि तो बारीक १ कुठून आला ते त्यालाच विचार. काड्यांवर दोन-चार दिवस जाऊ देत, घाई करून लगेच वहीवर नेऊ नकोस.

मला या कामात सगळ्यात मोलाचा प्रश्न कुठला वाटतो विचारशील तर, "तू हे कसं काढलंस?" उत्तर चुकलं तरी विचारायचा आणि बरोबर आलं तरी विचारायचा, नाहीतर पोरांना कळतं की बाईंनी कसं काढलं विचारलं म्हणजे चुकलंच. रागावून न विचारता खरंच जाणून घ्यायचंय म्हणून विचारलं की पोरं सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यातून तुला उद्या काय शिकवायचं ते आपोआप मिळतं. वही तपासताना पण नुसत्या फुल्या मारत जाऊ नकोस. एकाच प्रकारची चूक किती जणांची आहे ते बघ, पाच जणांची असेल तर उद्या सकाळी त्या पाच जणांना घेऊन बस. चूक बघून संताप येण्याऐवजी 'हे याच्या डोक्यात कसं आलं असेल' अशी उत्सुकता वाटणं, याला मी चांगल्या शिक्षकाचा पहिला गुण म्हणेन, आणि ही सवय लावून घेता येते.

धपाट्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी घालतं, म्हणजे 'ढ', 'मठ्ठ', 'तुझ्या बापाने तरी...' हे सगळं त्यात आलं. पण तुला झोप लागली नाही ती कायद्यामुळे नाही हे मला कळतं. मारणं वाईट आहेच, पण शिकवण्याच्या दृष्टीने त्याचं आणखी एक नुकसान आहे जे फारसं कुणी बोलत नाही. मार बसलेलं पोर चूक लपवायला शिकतं. शेजाऱ्याची बघून लिहितं, येत नसलं तरी मान डोलावतं, आणि मग तुला ते कुठे अडलंय हे कळायचा रस्ताच बंद होतो. तू वर्गात अंधारात शिकवायला लागतेस. म्हणून उद्या त्या मुलाला बाजूला घे आणि सरळ सांग की त्या दिवशी मी तुला मारलं ते चुकलं, परत मारणार नाही. लांबड लावू नकोस, रडू नकोस, एवढंच. आणि मग काड्या घेऊन त्याच्याबरोबर बस. काही जण म्हणतील असं केल्याने पोरं डोक्यावर बसतात. बसत नाहीत. मी मोठ्या वयाची, टारगट म्हणून प्रसिद्ध असलेली पोरंसुद्धा बघितलीत, ज्या शिक्षकाने त्यांची एकदा प्रामाणिक माफी मागितली त्याच्यासमोर ती सगळ्यात नीट वागायची.

मग वर्ग शांत कसा ठेवायचा, हा तुझा पुढचा प्रश्न असणारच. घसा बसतोय म्हणजे तू फार बोलतेस आणि फार जोरात बोलतेस. दोन वर्ग एकत्र असतात तिथे गोंधळ बहुतेक वेळा रिकाम्या हातांमुळे होतो, एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला नक्की काय करायचं ते माहीत नसतं. म्हणून दिवस ठरलेला ठेव, आल्यावर काय, परिपाठानंतर काय, काम संपलं तर कुठलं पुस्तक उचलायचं, पाणी प्यायला विचारायचं की नाही. पहिले दोन-तीन आठवडे हेच शिकवण्यात जातील, जाऊ देत. आणि खुर्चीजवळून ओरडण्यापेक्षा चालत त्या मुलापर्यंत जा आणि हळू सांग.

न बोलणाऱ्या मुलाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला तोच जास्त लक्षात राहिला. तांड्यावरचा आहे म्हणजे घरी गोरमाटी, बंजारा समाजाची बोली, बोलत असणार. तू कोल्हापूरची, तुझी मराठी त्याला किती कळते आणि तुझा वेग त्याला किती झेपतो हे आपल्याला ठाऊक नाही. जो घरी आईला 'याडी' म्हणतो त्याला तू पहिल्या दिवसापासून त्याच्या नसलेल्या भाषेत वाचायला, लिहायला, उत्तर द्यायला लावतेयस, आणि तो गप्प बसला की आपण म्हणतो याला काही येत नाही. वर्गातल्या बोलक्या मुलींना गाठ, त्या तुला रोज चार शब्द शिकवतील आणि बाईंना शिकवायला मिळालं म्हणून खूश होतील. एका मोठ्या कागदावर चित्र, गोरमाटी शब्द, मराठी शब्द असा तक्ता करा, त्यांनीच करायचा. तुझे उच्चार चुकतील, पोरं हसतील, हसू देत, बाईसुद्धा शिकताना चुकतात हे त्यांना दिसलेलं फार चांगलं. गोष्ट सांगताना त्याने त्याच्या भाषेत उत्तर दिलं तर ते उत्तर धरायचं, 'मराठीत बोल' म्हणून तोडायचं नाही, मराठी येईल मागून.

रणजितसिंह डिसले यांचं नाव तुला माहीतच आहे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत असताना त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांत वाटली. सगळ्यांना त्यांचा पुस्तकांवरचा क्यूआर कोड आठवतो. पण त्यांच्या कामाची सुरुवात वेगळ्याच ठिकाणी आहे, पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत नाहीत, तिथे कन्नड बोलली जाते, हे त्यांनी पाहिलं, भाषा शिकून घेतली, पुस्तकं मुलांना कळतील अशी केली, कोड त्याच्यावर चढवले. मुलं कुठे अडलीत ते आधी बघितलं आणि मग मोबाईल उचलला. ग्रुपवरचे व्हिडिओ बघून खचण्यापेक्षा प्रत्येक व्हिडिओला एवढंच विचार, माझ्या त्या नऊ जणांतल्या कुणाच्या उपयोगाचं आहे का हे? असेल तर बिनधास्त उचल, नसेल तर पुढे.

आणि त्या मुलाला वेळ दे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांचं रेकॉर्डिंग करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात, आणि हेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटतं, पण वर्गात उभं राहून गप्प राहून बघ, फार मोठे वाटतात. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला तर याहून जास्त लागतील, आधी प्रश्न समजायचा, मग उत्तर शोधायचं, मग ते मराठीत आणायचं. अजून एक, हजेरीच्या कागदावर नावं लिहून घे आणि दिवसभरात ज्याला प्रश्न विचारलास त्याच्या नावापुढे टिंब दे. आठवड्याच्या शेवटी तो कागद बघितलास की तुला कळेल की तू वर्गातल्या सात-आठ जणांनाच शिकवतेयस, पुढे बसणाऱ्या, हात वर करणाऱ्या. हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, मुद्दाम कुणी करत नाही, पण कागद समोर असला की बदलतं.

कागदपत्रांचं तू लिहिलं नाहीस पण ते असणारच, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारी, ऑनलाइन माहिती, तातडीचे मेसेज. कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, पण शाळेच्या स्वतःच्या नोंदी कुणालाच सुटत नाहीत आणि तू नवीन आहेस, एकटीने भांडत बसू नकोस. एवढंच कर, सकाळचे पहिले दोन तास मोबाईल बॅगेत. वाचन आणि गणित त्याच वेळात. सरांशी बोलून ठेव, ते पण खूश होतील.

सरांवर चिडू नकोस बरं का. दरवर्षी पोरं तयार करायची आणि दिवाळीच्या सुमारास अर्धा वर्ग रिकामा होताना बघायचा, हे बरीच वर्षं केल्यावर माणूस मनाभोवती कवच घालून घेतो. पण त्यांचं म्हणणं मात्र मानू नकोस. ही पोरं जाणार आहेत म्हणून तर तुझे हे दोन-अडीच महिने जास्त महत्त्वाचे. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात, घरी सांभाळायला कुणी नसलं की लेकरू बरोबर जाणारच, यात आई-बापांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं काही नसतं.

अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. तिथली मुलं गुरं वळायला जायची, शाळेत येणार कशी? तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. 'मुलं येत नाहीत' म्हणून रजिस्टरवर गैरहजेरी मांडत बसल्या नाहीत. तुला फडावर जाऊन शाळा काढ म्हणत नाही मी. पण संध्याकाळी घरोघरी जा, आत्तापासून, तक्रार घेऊन जाऊ नकोस. "तुमच्या सोनीने आज अख्खी गोष्ट वाचली" एवढं सांगायला जा. बहुतेक घरांत मास्तर आला म्हणजे काहीतरी बिघडलं अशीच सवय असते. दोन-तीनदा चांगलं सांगायला गेलीस की चौथ्यांदा "हिला आजीकडे ठेवता येईल का, नाहीतर हंगामी वसतिगृहात घालू" हे बोलता येतं आणि ऐकून घेतलं जातं. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना मागे ठेवायची ती सोय. वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीतून वेळेत जावा लागतो, मुख्याध्यापकांना आत्ताच विचार, दसऱ्यापर्यंत थांबलात तर उशीर होईल.

सगळी थांबणार नाहीत. जी जातील त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत दाखवायचं कार्ड, द्यायला विसरू नकोस, त्यावर नुसती इयत्ता लिहून देऊ नकोस, हे मूल साधे शब्द वाचतं, हातच्याची वजाबाकी काड्यांनी येते, असं दोन ओळींत लिही, म्हणजे साखर कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला शून्यापासून चालू करावं लागणार नाही. कुठल्या कारखान्याला, कुठल्या गावाला जातायत आणि बरोबर कुणाचा मोबाईल आहे ते लिहून घे. पंधरा दिवसांनी फोन कर, पोराला फोनवर काहीतरी वाचायला लाव, गोष्टीचं एखादं पातळ पुस्तक बरोबर दिलं असशील तर त्यातलंच.

आणि एक, तुझ्या तब्येतीचं. साने गुरुजींचं नाव घेऊन नव्या शिक्षकांना फार उपदेश केला जातो, १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या शाळेत होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी जे केलं ते खरंच मोठं आहे आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण जीव तोडणं हे चांगल्या शिक्षकाचं माप नाही. रोज घसा बसेपर्यंत शिकवून रात्री रडत बसलीस तर डिसेंबरपर्यंत तू पण सरांसारखी होशील. रविवार स्वतःला ठेव, घरी फोन कर, जेवण नीट कर. महिन्याच्या शिक्षण परिषदेला, केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, गेलीस की तिथे अशी एखादी बाई किंवा सर शोध ज्यांची पोरं वाचतात, आणि त्यांच्या वर्गात अर्धा दिवस बसायची परवानगी माग, केंद्रप्रमुख नाही म्हणणार नाहीत. तिथे बसून त्या काय बोलतात यापेक्षा त्या कुणाच्या शेजारी जाऊन बसतात आणि काय विचारतात ते बघ.

जी पोरं फेब्रुवारी-मार्चनंतर एकेक करत परत येतील, त्यांची परीक्षा जवळ आली म्हणून त्यांना थेट धड्यांवर बसवू नकोस. आल्या आल्या परत ती पाच मिनिटं त्याच्याजवळ बस, तुझ्या वहीतली जुनी नोंद काढ आणि ऑक्टोबरमध्ये तो कुठे होता, आता कुठे आहे ते बघ. कुणी थोडं विसरलेलं असेल, तर कुणी फडावर पाट्या वाचून पुढेही गेलेलं असेल. ज्याचं जिथे असेल तिथल्या गटात त्याच दिवशी बसव.

– तुझी ताई